सतराचा पाढा

गावभरची कुलपं उघडून देणाऱ्या माणसाच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची. मुंगीला वाटत नसे, कारण त्या घरात तिला राहायचं होतं.

मुंगी म्हणजे त्या कुलूपवाल्याची मुलगी, वय वर्षं साडेअकरा. तीन वर्षांची होती तेव्हा दुकानात जमिनीवर सांडलेले स्क्रू एकेक करून उचलायची आणि डब्यात नेऊन टाकायची. कोणी सांगितलेलं नसताना, दिवसभर, न कंटाळता. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकान खाली, घर वर, मध्ये अठरा पायऱ्या. दुकानात किल्ल्या कापायचं यंत्र, कानशी-हातोड्यांचा पसारा आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. या कामात बाबांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःही फारशी लपवून ठेवत नसत. "कुलूप माणसानेच केलेलं ना? मग ते माणसाला उघडणार नाही म्हणजे काय?" असं म्हणत ते दोन तारा घेऊन उकिडवे बसायचे आणि गिऱ्हाइकाने घाम पुसेपर्यंत दार उघडून द्यायचे.

दीड वर्षापूर्वी मुंगीला फिट आली. पहिली शाळेत, दुसरी जिन्यात आणि तिसरी बाथरूममध्ये, आतून कडी लावलेली असताना.

आतल्या कडीला बाहेरून भोक नसतं. तिथे ना तार चालते ना किल्ली. बाबांना हे पंचवीस वर्षं माहीत होतं, पण त्या दिवशी अवजारांची सगळी पिशवी पायाशी ठेवून ते स्वतःच्याच घरातल्या दारासमोर नुसते उभे राहिले. शेवटी खांदा मारून मारून बिजागऱ्या उखडल्या. अकरा मिनिटं लागली. आत मुंगी फरशीवर पडलेली होती. फिट केव्हाच थांबली होती आणि भुवईच्या वर चार टाके पडतील एवढी खोक होती. त्याच संध्याकाळी बाबांनी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढल्या, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि तो डबा दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.

बिस्किटांचा डबा घरात असण्याचं कारण आई. आई बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी राहायची. पट्टा पुढे सरकायचा आणि ती तुटकी, करपलेली बिस्किटं पटापट बाजूला काढायची. आठ तास नजर हलवायची नाही, हे तिचं काम. ते काम ती आता घरी आल्यावरही करू लागली. मुंगी जेवताना, झोपताना, नुसती खिडकीत उभी असताना आईची नजर तिच्यावर. अंघोळीच्या वेळी तेवढी नजर पोचत नव्हती, म्हणून आईने नियम काढला: दार नुसतं लोटायचं आणि आत असेपर्यंत बोलत राहायचं. आवाज थांबला की आई आत.

एकटं माणूस बाथरूममध्ये बोलणार तरी काय? आधी मुंगीने गाणी म्हणून पाहिली, पण ती तिसऱ्या दिवशी संपली. मग कविता झाल्या. मग पाढे. पाढ्यांचं बरं असतं, ते संपत नाहीत. दोनपासून सुरुवात केली ती एकोणतीसपर्यंत गेली, आणि नातेवाईक कौतुक करायला लागले की पोरीला आजारपणात एकोणतीसपर्यंत पाढे पाठ झाले. जणू काही तिला तेच हवं होतं!

औषध मात्र लागू पडलं. सात महिने झाले, एकही फिट नाही. डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली होती. त्यात आई रोज रात्रीच्या गोळीनंतर तारीख घालून लिहायची, "आज तसं काही नाही." त्या आजाराचं नाव घरात कोणी घेत नसे, 'तसं काही' म्हणत. दोनशेहून जास्त दिवस तेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी वही मिटताना आईचा चेहरा असा उजळायचा की मुंगीला तो बघायला आवडायचंही आणि नकोही व्हायचं.

कारण त्या सात महिन्यांत मुंगीचं काय झालं ते वहीत नव्हतं. पोहणं बंद झालं, सायकल गेली, मैत्रिणीकडे राहायला जाणं तर नावच नको. हे सगळं तिला कोणी ना कोणी समजावून सांगितलं होतं आणि तिला समजलंही होतं. मैत्रिणींच्या आयांनाही कोणीतरी समजावलं असावं, कारण वाढदिवसाची बोलावणी यायची बंद झाली. वर्गात बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं आणि शेजारच्या मुलीला सांगितलं, हिच्याकडे लक्ष ठेव. ती मुलगी बिचारी फळ्यापेक्षा मुंगीकडेच जास्त बघायची. आधी मुंगी भांडली, रुसली, एकदा ताट भिरकावलं. मग कधीतरी, कोणत्या दिवशी ते तिलाही सांगता आलं नसतं, भांडणं थांबलं. शाळेतून आली की झोपायची. जेवण पुढ्यात आलं की चिवडत बसायची. चित्रं काढायची ती काढेना, बोलायची ती बोलेना. विचारलं तर "काही नाही." सकाळी जाग आली की छातीवर कोणीतरी किल्ल्या कापायचं यंत्र आणून ठेवल्यासारखं व्हायचं आणि वाटायचं, कशाला आली परत जाग.

आणि घरचे काय म्हणत होते? पोरगी शहाणी झाली! आता हट्ट करत नाही, उलट बोलत नाही, दिली ती गोळी घेते, सांगू तिथे बसते. ज्या घरात दुकानातला एक स्क्रू हरवला तर शोधाशोध व्हायची, त्या घरात एक आख्खी मुलगी डोळ्यांदेखत हरवत चालली होती आणि सगळे तिची पाठ थोपटत होते. त्यांचं प्रेम कमी होतं असं कोणी म्हणू नये. प्रेम उतू जात होतं. फक्त सगळे मिळून एकाच दारावर पहारा देत बसले होते.

मुंगीने सांगितलं का नाही? एकदोनदा सांगून पाहिलं. "मला कसंतरी होतंय" म्हणायचा अवकाश, की आई तिला धरून कुशीवर झोपवायची, बाबा घड्याळ काढायचे आणि दोघं श्वास रोखून वाट बघायचे. पाच मिनिटांनी काही झालं नाही की सुटल्यासारखे हसायचे. "बघ, काही नाही!" तिसऱ्यांदा तिने सांगितलंच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिने आपल्या किल्ल्याही देऊन टाकल्या. बाबांकडे कधीकधी अशा किल्ल्या यायच्या ज्यांचं कुलूप हरवलेलं असायचं. त्या मुंगीच्या. लहानपणापासून साठवलेल्या एकशे त्रेचाळीस किल्ल्या, त्यात एक तर बोटभर लांब, पितळी, पाकळ्यांच्या मुठीची. आत्याची मुलगी ताई सहज म्हणाली, "किती छान आहेत," तर मुंगीने डबीच तिच्या हातात ठेवली. "घेऊन जा. मला नकोत." आत्याला गहिवरून आलं. म्हणाली, "केवढं मोठं मन आहे पोरीचं!"

आता गोष्ट त्या रविवारची. दुसऱ्या दिवशी सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. गेल्या वेळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, वहीत असंच 'काही नाही' येत राहिलं तर पुढची भेट एकदम वर्षाने. घरात सकाळपासून आनंदीआनंद होता. आई वही चाळत होती, आत्या आणि ताई चहाला आल्या होत्या, आणि मुंगी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून एकच गोष्ट मनात घोळवत होती. वर्ष. असं अजून एक वर्ष. उद्या त्या बाई वही बघणार, छान म्हणणार, शिक्का मारणार आणि मग वर्षभर कोणी काही विचारणारच नाही. एक वर्ष म्हणजे किती सकाळी, हे पाढे पाठ असलेल्या मुलीला कोणी सांगायला नको होतं.

"वहिनी, खरंच शहाणी झाली हो तुमची पोर," आत्या म्हणाली. "आमच्या ताईला बघा, एक शब्द खाली पडू देत नाही."

ताईने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या गळ्यात दोरा होता आणि दोऱ्यात पाकळ्यांच्या मुठीची ती पितळी किल्ली. मुंगीने ती बघितली. राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं होतं! तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतके दिवस सगळं जड आणि करडं होतं, आणि त्यात हा राग एकदम गरम लागला. तो विझायच्या आत काहीतरी केलं पाहिजे, एवढं तिला कळलं.

"मी खाली बाबांकडे जाते," ती म्हणाली.

"पायऱ्या हळू!" आई म्हणाली.

खाली बाबा एका गिऱ्हाइकाच्या पेटीत डोकं घालून बसले होते. मुंगी स्टुलावर चढली. स्टुलावर चढायलाही तिला बंदी होती. वरच्या फळीवरून तिने पत्र्याचा डबा उतरवला. बाथरूमची कडी तिने लगेच ओळखली, टोकाला किंचित वाकलेली. कडी, चार स्क्रू आणि सगळ्यात छोटा स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला, डबा होता तिथे ठेवला आणि अठरा पायऱ्या चढून वर आली.

"मी अंघोळीला जाते."

"जा बाळा. बोलत राहा."

मुंगीने दार लोटलं आणि मोठ्याने सुरुवात केली. "सतरा एके सतरा!" दारावर जुनी भोकं तशीच होती, चौकटीतली खाचही. पहिला स्क्रू टेकवला. "सतरा दुणे चौतीस!" लाकूड करकरलं तसा तिने आवाज चढवला. सतराचा झाला, अठराचा झाला, एकोणिसाच्या अर्ध्यात तिसरा स्क्रू घट्ट बसला. बाहेर आत्या आईला म्हणत होती, "काय खणखणीत म्हणते हो!" मुंगीचा तळहात सोलवटला होता, पण चौथा स्क्रू तिने अर्धवट सोडला नाही. कुलूपवाल्याची मुलगी होती ती. मग परत सतरावर आली. "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न." कडी सरकवली. ती खाचेत जाऊन बसली तेव्हा जो आवाज झाला तो तिने दीड वर्षात ऐकला नव्हता.

मग ती गप्प बसली.

सतराचा पाढा म्हणताना रडता येत नाही. तिने बरेचदा करून पाहिलं होतं. एक तर पाढा चुकतो नाहीतर रडू अडकतं, आणि पाढा चुकला की आई आत येते. म्हणून ते सगळं रडू सात महिने तसंच साठून राहिलं होतं. ते आता आलं. फरशीवर बसून, गुडघ्यांत तोंड खुपसून, नाक गळेपर्यंत ती रडली.

"मुंगे?" आईचा आवाज आला. मग दारावर हात. दार हललं, पण उघडलं नाही. "मुंगे! अहो! अहो, लवकर वर या!"

अठरा पायऱ्या बाबांनी किती ढांगांत चढल्या कोण जाणे. त्यांचा खांदा दारावर आदळला तशी मुंगी जिवाच्या आकांताने ओरडली, "मी पडलेली नाही! मला फिट आलेली नाही! दार तोडू नका!"

बाहेर सगळं थांबलं.

"मग दार उघड," बाबा धापा टाकत म्हणाले.

"नाही उघडणार."

"कडी कुठून आली?"

"तुमच्या डब्यातून. मी लावली."

"किती स्क्रू?" धंद्याचा माणूस, तोंडून निघून गेलं.

"चार."

"चारही?" बाबा म्हणाले आणि दाराला टेकले.

"अहो, स्क्रू काय विचारताय!" आई रडकुंडीला आली होती. "मुंगे, राणी, काय झालं? कशाला रडतेस?"

"मला रडायचंय म्हणून."

"हे काय भलतंच खूळ," आत्या म्हणाली. "इतकी शहाणी मुलगी तू—"

"आत्या, मी शहाणी नाहीये!" मुंगीचा आवाज फुटला. "मला शहाणी म्हणू नका. कोणीच म्हणू नका. मला बरं नाहीये. फिट नाही, दुसरंच. मला काहीच नकोसं झालंय. जेवायला नको, शाळा नको, चित्रं नकोत. सकाळी जाग येते ना, तेव्हा वाटतं की आली नसती तर बरं झालं असतं. रोज वाटतं. आजपण वाटलं."

दाराखालच्या फटीतून मुंगीला आईचे पाय दिसत होते. ते पाय हळूहळू वाकले आणि आई तिथेच जमिनीवर बसली.

"अगं पण," आई म्हणाली, आणि तिचा आवाज ओळखू येईना, "सात महिने तुला तसं काही—"

"सात महिने फिट आली नाही, म्हणून तुम्ही खूश आहात. मी कुठे खूश आहे?"

"आम्हाला सांगायचंस ना," बाबा म्हणाले.

"कधी सांगू? मला कसंतरी होतंय म्हटलं की तुम्ही मला कुशीवर झोपवता आणि घड्याळ बघता! फिट नाही आली की झालं. मग माझ्याशी कोणी बोलत पण नाही, नुसते बघता. आणि आत मी एकटी असले तरी मलाच बोलावं लागतं!"

आईने फटीशी तोंड नेऊन विचारलं, "काय करू मी? सांग. तू सांगशील ते करते."

मुंगीने फ्रॉकला नाक पुसलं. "वही आण. मी सांगते ते लिही. आजच्या तारखेला."

वही आली. पेन आलं, ते चाललं नाही, ताईने आपलं दिलं. मुंगी आतून सांगत गेली आणि आई बाहेर फरशीवर वही ठेवून लिहीत गेली. जेवण जात नाही. सारखी झोप येते. कशात मन लागत नाही. मैत्रिणी नाहीत. रडायला जागा नाही. आईचं लिहिणं पट्ट्यावरच्या कामासारखं झरझर नव्हतं, मध्येमध्ये अडत होतं.

"आता वाच."

आईने वाचलं.

"एक राहिलं," मुंगी म्हणाली.

"काय राहिलं?"

"जाग यायचं."

"ते नको ना गं लिहायला," आई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतील."

"तेच लिही, आई. तुटकी बिस्किटं तू रोज बाजूला काढतेस. हे नको काढूस."

आईने हुंदका गिळला तो दाराच्या आतही ऐकू आला. मग पेनचा आवाज आला. तिने ते वाक्य वाचून दाखवलं, पूर्ण, एकही शब्द न गाळता. तेव्हा मुंगी उठली आणि तिने कडी काढली.

आईने तिला धरलं ते सोडेचना, आणि या वेळी कुशीवर झोपवलं नाही. बाबा कडीकडे बघत होते. "सरळ बसवलीस," ते म्हणाले आणि मग तोंड फिरवून खाली दुकानात गेले. शटर अर्ध्यावर ओढून आत एकटेच खूप वेळ बसले. त्यांनाही घरात रडायला जागा नव्हती.

सोमवारी डॉक्टरांकडे गर्दी होती. मुंगीची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वही उघडून अंगठ्याने पानं सरकवली. "वा! सात महिने! शाबास." एका हाताने त्यांनी कागद पुढे ओढला. "मग आता पुढची भेट—"

"शेवटचं पान वाचा," मुंगी म्हणाली.

आईने तिचा हात दाबला. मुंगीने तो सोडवून घेतला. डॉक्टरांनी शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला, परत घातला आणि परत वाचलं.

"हे कधीपासून होतंय?" त्यांनी आईला विचारलं.

"मला विचारा," मुंगी म्हणाली. "मला होतंय."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली, पूर्ण वळवली, आणि मग मुंगीलाच विचारलं. झोप, भूक, शाळा. स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. "करावंसं नाही वाटत," मुंगी म्हणाली. "फक्त नको वाटतं."

"असं नुसतं वाटलं तरी ते मोठ्या माणसाला सांगायचं. लगेच, त्याच दिवशी. तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मी हे प्रत्येक वेळी विचारायला हवं होतं. नाही विचारलं, चूक माझी. फिट येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना असं होतं. आजारामुळे होतं, काही वेळा एखाद्या गोळीमुळे होतं, आणि काही वेळा," त्यांनी आईबाबांकडे बघितलं, "सगळे चोवीस तास डोक्यावर बसल्यामुळे. यावरही उपचार असतात. गोळी हळूहळू बदलू. मध्येच कोणी बंद करायची नाही, नाहीतर फिट येईल. दर गुरुवारी शेजारच्या खोलीत एक बाई असतात, त्या मुलांशी बोलतात. त्यांना भेटायचं. आणि माझ्याकडे पंधरा दिवसांनी."

वर्षाचे पंधरा दिवस झाले. मुंगीने मोठा श्वास घेतला.

"आणि ती कडी?" आईने विचारलं. "कडी काढायची ना?"

"कडी हवी," मुंगी म्हणाली.

"आतून बंद होणारं दार धोक्याचं, हे खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "तुम्ही कुलपांचंच काम करता ना? आतून लागेल, पण वेळ पडली तर बाहेरून उघडता येईल, अशी कडी नसते का?"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कानापर्यंत लाल. "असते," ते म्हणाले. "बाहेरून नाणं फिरवलं की उघडते."

"मिळेल कुठे?"

"माझ्या दुकानात सहा पडल्यात." बाबांनी घसा खाकरला. "तुमच्या या मजल्यावरच्या सगळ्या बाथरूमना मीच बसवल्यात. गेल्या वर्षी."

मुंगीच्या नाकातून फुस्सकन हसू निसटलं. आईने दचकून तिच्याकडे बघितलं आणि मग तीही हसली, डोळे पुसत पुसत.

एका कडीने सगळं निस्तरलं असं कोणी समजू नये. नव्या गोळीने पहिले काही दिवस पोटात मळमळायचं. काही सकाळी अजूनही यंत्र छातीवर असायचं. फरक एवढाच की मुंगी आता ते सांगायची आणि आई ते वहीत लिहायची, घड्याळ न काढता. पोहण्याचं भांडण चालूच होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, शेजारी पोहणारं मोठं माणूस असेल तर चालेल, आणि आई अजून ऐकत नव्हती. मुंगीही सोडत नव्हती. आणि हो, ताईकडून तिने किल्ल्या परत मागितल्या. आत्या म्हणाली, "अगं, दिल्या होत्यास ना?" मुंगी म्हणाली, "तेव्हा मला बरं नव्हतं." ताईने गळ्यातला दोरा काढून तिच्या हातात ठेवला, बाकीची डबीही आणून दिली. एकशे त्रेचाळीस. मुंगीने मोजून घेतल्या.

बाथरूमचं दार बाबांनी पुढच्या रविवारी उतरवलं आणि बाहेरच्या बाजूला उघडेल असं परत लावलं. आत कोणी पडलं तरी दार अडायला नको. नवी कडी मुंगीने बसवली. बाबांनी फक्त स्क्रू हातात दिले. बाहेरच्या बाजूला एक छोटी खिडकी होती, आतून कडी लावली की लाल आणि काढली की हिरवी. खाली नाणं बसेल अशी खाच. नियम ठरले: आत स्टुलावर बसून अंघोळ करायची, घरात कोणीतरी असायला हवं, आणि पंधरा मिनिटांनी एकदा टकटक. एकदाच. तिने उलट टकटक केली की बास. पाढे बंद.

पहिल्या दिवशी मुंगी टॉवेल घेऊन आत गेली आणि तिने कडी लावली. बाहेर लाल झालं असणार. ती स्टुलावर बसली. आत एकदम शांत होतं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. दाराखालच्या फटीत दोन पाय दिसत होते, बाबांचे. दुकान उघडायची वेळ कधीच होऊन गेली होती. पाय हलत नव्हते. मधूनच नाण्यावर नाणं घासल्याचा बारीक आवाज येत होता. एक पुरलं असतं, पण बाबांनी दोन घेतली होती.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं? ठीक ना?"

"दुकान उघडा."

"उघडतो ना. घाई काय आहे. मी इथेच आहे."

"माहितीये. म्हणून तर सांगतेय." ती थोडी थांबली. "खाली जा, बाबा. आई स्वयंपाकघरात आहे. मला काही झालं तर ती दोन मिनिटांत दार उघडेल. तुम्हाला अकरा लागली होती."

पाय एकदा इकडे झाले, एकदा तिकडे. मग फटीत नुसता उजेड राहिला. मुंगीने कान देऊन पायऱ्या मोजल्या. बाबा प्रत्येक पायरीवर थांबत होते, पण उतरत होते. सतरा. अठरा. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग खालून दुकानाचं शटर खडखडत पूर्ण वर गेल्याचा आवाज आला.

मुंगीने शॉवर सोडला आणि एक अक्षरही न बोलता अंघोळ केली.